उपसलेली विहीर

तांडेलआप्पांची आणि माझी पहिली ओळख विहिरीच्या पाण्यात झाली. परकरातली पोर मी, वाकून बघताना आत गेले; त्यांनी उडी टाकून केसांना धरून वर काढलं. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान समितीनं मला दिला तो त्यामुळेच. लिहिताना मान खाली जाते, तीही त्यामुळेच.

आप्पा मूळचे मालवणकडचे, बोटीवरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बोट फोडली, तेव्हा पेटत्या तेलातून पोहत त्यांनी सोबत्यांना मचव्यात ओढलं. सरकारनं पदक दिलं. लढाई संपल्यावर ते घाट चढून निपाणीला आले आणि तंबाखूच्या वखारीत मुकादम झाले. तंबाखूच्या धुळीनं खोकणाऱ्या बायकांना ते आधी वाऱ्याच्या बाजूला बसवत, मग कामाचं बोलत. पण कुणी जात विचारली की म्हणत, "खलाशी!" झालं, गाव त्यांच्यापासून चार हात लांब. बेळगावात कलेक्टरसाहेबांनी त्यांना शेजारी खुर्ची दिली होती; आमच्या घरी मात्र सोप्याच्या पायरीवर त्यांची जागा संपायची.

त्या दिवशी विहिरीतून काढल्यावर मी श्वास घेऊन रडले, तशी आई त्यांच्या पायांवर कोसळली. आज्जा म्हणाले, "पोरगी वाचली, देवाची किरपा. आता हीर उपसाय पायजे. कुठला कोन, दर्यावर कुनाच्याबी हातचं खाल्ल्याला मानूस पान्यात उतरलाय."

मोट जुंपली. गडी कमी पडले, तर ओल्या धोतरानिशी आप्पाच बैलांमागं उभे राहिले. आणि आज्जांनी त्यांना अडवलं नाही हो! ज्यांच्या अंगानं पाणी बाटलं म्हणायचं, त्यांच्याच हातांनी ते उपसून घेतलं. वर दमून बसल्यावर त्यांना प्यायला पाणी दिलं ते लांबून, ओंजळीत ओतून. आमच्या घराण्याचा टेंभा मिरवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मोठेपणी मी विचारलं, "आप्पा, राग न्हाय आला?"

"आला की गं. लई आला. पर हीर उपसल्याबिगर तुझी आई पानी भरती व्हय? तू आत तापानं फणफणलीवतीस."

पुढं शाळेत शिक्षिका झाले, पोरींना रोज चार शब्द शिकवते. त्यांत आप्पांचं हे बोलणंही सांगते.

आता सत्काराची पंगत आमच्याच मळ्यातल्या घरी, त्याच विहिरीपाशी ठरली आहे. आप्पांनी निरोप धाडलाय, "मी आपला पायरीवर जेवीन. सवय हाय." यात टोमणा नाही, म्हणून जास्त लागतं.

मी थोरल्या भावाला सांगून ठेवलं आहे: त्या दिवशी विहिरीतला पहिला हंडा आप्पा काढतील, त्याच पाण्यावर स्वयंपाक होईल आणि आप्पा पंगतीत मधोमध बसतील. ज्यांना चालणार नाही, त्यांनी घरून तांब्या आणायचे कष्ट घेऊ नयेत, येऊच नये.

आप्पा, तुमचे हातपाय धड राहोत, छाती भरून श्वास चालो, शंभरी गाठा. तुमच्या हातचं पाणी प्यायला आम्हांला फार उशीर झाला आहे.