नरसम्माच्या पायरीवर

ओल्या तेंदूपानांचा वास आला की दुष्काळातली ती सकाळ आठवते. सोलापुरातल्या आमच्या चौकात मी पत्रकं वाटत होतो: ‘भीक देऊ नका, सरकारकडे काम मागा.’ शब्द माझेच होते, त्यामुळे छाती फुगलेली होती.

चौकात माढ्याकडून आलेली एक बाई हात पसरून उभी होती. माझं पत्रक तिच्यासमोर नाचवत चौकातला एक दुकानदार ओरडला, "धडधाकट हाय की! नीघ हितनं, न्हायतर पोलिसाला बोलावतो." जे पत्रक मी सरकारला टोचावं म्हणून लिहिलं होतं, ते तिलाच टोचत होतं.

समोर आपल्या घराच्या पायरीवर नरसम्मा विड्या वळत बसली होती. तिनं मला हाक मारली, "ए कागदवाल्या, काम मागा म्हनतोस, तू देतोस का?"

तिनं बाईला शेजारी बसवून घेतलं आणि तिच्या हातात कात्री दिली. "अक्का, पत्र्याचं माप पानावर ठेव आन् कडेनं काप."

"विडी कारखान्याचं कामगार-कार्ड कुटं हाय तिचं?" दुकानदारानं विचारलं.

"कार्ड माझं, हात तिचे. आमच्या सुनाबी असंच शिकत्यात. बोलाव की पोलिसाला!"

दुकानदार पुटपुटत आत गेला.

बाईनं कापलेली पहिली पानं वाकडी निघाली. कारखाना पानं तोलून देई, त्यामुळे ती वाया गेली आणि नुकसान नरसम्माचं झालं. तेव्हा मला फक्त माझा अपमान दिसला होता. आज दिसते ती नरसम्मा, हसत पुढचं पान बाईच्या हातात ठेवणारी.