क्लचमधल्या अक्षता

नाथा भोईरांना मी फारसं ओळखत नव्हतो. बाळकुमला आमच्या इमारतीच्या भिंतीला लागून त्यांचं बैठं घर. जाता-येता बोलणं व्हायचं, तेवढंच. ते आता नाहीत. त्यांच्याविषयी कुणी जाणत्याने लिहायला हवं. पण त्या दसऱ्याला त्यांच्याजवळ मीच होतो.

संध्याकाळी कोपरला, लेकीच्या घरी, त्यांच्या नातीचं बारसं होतं. त्यांच्या पत्नी बायजाबाईंचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. पाय लांब करून बसता येईल अशी फळी नाथाभाऊंनी स्वतःच्या रिक्षात बसवली होती, आणि नेमका तिचाच क्लच उघडलेला. आदल्या दिवशी खंडेनवमी. बायजाबाईंनी खुर्चीतूनच पाने, पकड आणि परातीतल्या क्लचप्लेटा पुजल्या. पुजलेल्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून जोडणी दसऱ्यावर गेली.

प्लेटा ऑइलमध्ये भिजवून त्यांनी क्लच जोडला. मला हँडलपाशी बसवलं.

"दाबा भाऊ. आता सोडा, हळूहळू."

सोडला. इंजिन ओरडलं, रिक्षा जागची हलली नाही. त्यांनी क्लचवायर ढिली केली. पुन्हा तेच. आणखी ढिली केली, तरी तेच. माझ्याच हातून काही चुकतंय असं मला वाटत राहिलं.

नवी साडी नेसून बायजाबाई दारात बसल्या होत्या. "बारशाला नाय, आता पोरीच्या हळदीलाच नेशील मना!"

"गप बस गो." नाथाभाऊ पुन्हा वायरशी वाकले.

जेवणवेळ टळून गेली. त्यांनी सगळं पुन्हा उघडलं. एकेक प्लेट बोटाने चाचपत गेले आणि थांबले. दोन प्लेटांच्या मध्ये तांदळाचा चपटा झालेला दाणा, कुंकवाने लाल. मग आणखी एक. त्यांच्यामुळे प्लेटा एकमेकींवर घट्ट बसतच नव्हत्या.

त्यांनी दाराकडे पाहिलं, दाणे खिशात टाकले. "तिला बोलू नका," मला हळूच म्हणाले. "रडत बसंल."

"काय झालेलं?" बायजाबाईंनी विचारलं.

"वायर गो, वायर."

पुन्हा जोडणी, पुन्हा ऑइल; भिजलेल्या प्लेटा मी एकेक करून हातात देत होतो. मी क्लच दाबला. सोडला, आणि रिक्षा माझ्यासकट पुढे निघाली.

"ब्रेक दाबा, ब्रेक!" बायजाबाई ओरडल्या.

पाळण्याशी त्याच पहिल्या बसल्या, असं त्यांच्या लेकीने, जागृतीने, पुढे सांगितलं. नाथाभाऊ तिच्याकडेच राहिले आणि काही दिवसांनी तिथेच झोपेत गेले.

त्या संध्याकाळी ते दोघं निघताना मी म्हणालो होतो, "सावकाश जा. वाटेत कशेळीला ट्रॅफिक असेल."

"तुमी पैले हात धुवा," ते म्हणाले. "शर्टाला नका पुसू."