चार मिनिटं आणि एक मिस कॉल

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज मी लई जळून राह्यलो.

पिंपळगाव रेणुकाईच्या पर्जन्यमापकाचा आकडा दोन सर्व्हरमधून भोकरदनच्या मोंढ्यातल्या, म्हंजे धान्यबाजारातल्या, माझ्या स्क्रीनवर यायला चाळीस मिनिटं लागायची. वर्षभर खपून मी ती चारवर आणली. तिकडं पाऊस लागला की थोड्या वेळात इकडं येतोच.

आज दुपारी मोंढ्यात मका वाळत घातली होती. माझ्या स्क्रीनवर पाऊस शून्य. तेवढ्यात हमाल रामामामांचा मोबाइल एकदाच वाजून थांबला.

"पिंपळगावात पाऊस लागला! ताडपत्र्या टाका जल्दी!" मामा ओरडले.

त्यांच्या पिंपळगावच्या बहिणीचा मिस कॉल. एक रिंग म्हणजे पाऊस, हे त्यांचं बराबर ठरलेलं. सगळी मका झाकून झाली, मंग माझ्या स्क्रीनवर आकडा हलला.

तोंड पाडून घरी आलो, तर गच्चीवरचे पापड आत.

बायको म्हणाली, "रामामामांचा मिस कॉल आल्ता."

माझ्याच घरात! आता जळू न्हाई तर काय करू, सांगा?