बाहेर उघडणारं दार

लातुरातल्या आमच्या घराचं पुढचं दार बाहेर उघडायचं. पाहुणा आला की त्याला आधी पायरीवरून मागं सरकावं लागायचं, मगच आत येता यायचं. "मास्तर, आल्या माणसाला ढकलून द्यायची ही कुठली रीत?" असं लोक वडिलांना विचारायचे. वडील शाळामास्तर. ते हसून सोडून द्यायचे. आई हसायची नाही.

गावाकडचं आमचं घर दगडमातीचं होतं, वर मातीचं जड माळवद, आणि दार सगळ्यांचं असतं तसंच, आत उघडणारं. भूकंपात माळवद खचलं आणि दाराच्या आतल्या अंगाला कमरेएवढी माती साचली. आई ते दार आत ओढत राहिली. माती हलू देईना. लोकांनी बाहेरून चौकट फोडली तेव्हा मी निघालो, तान्ही बहीण निघाली. थोरला भाऊ जिवंत निघाला नाही. पुढं लातुरात घर बांधताना आईनं मिस्त्रीला सांगितलं, पुढचं आणि मागचं दार समोरासमोर काढ, मधे काही नको, आणि दोन्ही बाहेर उघडली पाहिजेत. एवढं कबूल झालं तेव्हा ती पुन्हा छपराखाली झोपायला तयार झाली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ज्या माणसानं आमच्या दारावर निकाल दिला त्यानं यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं.

बहीण मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा हुकली होती. लातूर तोवर क्लासचं गाव झालेलं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, खाली मेस, झेरॉक्स, प्रश्नसंचांची दुकानं. आणि त्याच रांगेत हसरे बुद्ध, किणकिणणाऱ्या नळ्या, तोंडात नाणं धरलेले तीन पायांचे बेडूक. मी नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकत होतो आणि अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीची पत्रकं वाटत होतो. एका पत्रकावरची ओळ माझीच होती: 'बेडूक नाणं देत नाही, दुकानदार घेतो.' सुट्टीला आलो की लातुरातही वाटायचो. पोरं पत्रक वाचायची, घडी घालून खिशात ठेवायची आणि बेडूक घ्यायची.

बहिणीच्या मैत्रिणीला जागा मिळाली. तिच्या घरी म्हणे फेंगशुईचे सर येऊन गेले होते. मग ते आमच्याकडे आले. आधी त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, तो बुडाल्यावर हा धंदा. चिनी अक्षरांची होकायंत्राची तबकडी दारात धरून त्यांनी ती चारही दिशांना फिरवली. मग म्हणाले, "समोरासमोर दारं. ऊर्जा इकडून आली की तिकडून सरळ बाहेर. शिवाय दार बाहेर उघडतं, म्हणजे तुम्ही नशिबाला स्वतःच्या हातानं लोटून देताय." मग बहिणीकडं वळून हळूच, "बेटा, पेपरमध्ये पाठ केलेलं आठवत नाही ना?"

ती रडायलाच लागली. "हो सर."

अरे, दोनदा नापास झालेल्या कुठल्या पोरीला आठवतं? हे सांगायला चीन कशाला पाहिजे? सर गेल्यावर मी हेच ओरडून बोललो. "तुझी केमिस्ट्री कच्ची आहे, त्यात दाराचा काय गुन्हा?"

"कच्ची नाही. घरी सगळं येतं मला. तिथं जाऊन बसले की जातं. सांग ना दादा, कुठं जातं?"

मी पिशवीतून पत्रक काढून तिच्यापुढं धरलं.

शेवटी आईच बोलली. "फिरवा दार."

"आई, तुला झोप लागंल का आत?"

"पोरीचं वय चाललंय रे बाबा. माझं काय, मी पडन वट्ट्यावर."

सुतारानं दार फिरवून आत उघडणारं केलं. सरांच्या सांगण्यावरून दोन दारांच्या मधे लाकडी आडोसा बसवला, मागचं दार कायम बंद. त्या दिवसापासून आई बाहेरच राहायला लागली. पुढच्या वट्ट्यावर अंथरूण, तिथंच स्टोव्ह, तिथंच भाकरी. शेजारीण म्हणाली, "मास्तरीणबाई, नवऱ्यानं काढलं का काय घराबाहेर?"

"न्हाई बाई, हवा खायलेय उगं."

थंडी पडली. आईला खोकला लागला. शनिवारी एसटीतून उतरून घरी आलो की ती घोंगडं पांघरून ताट वाढायची आणि आतून पाठांतराचा आवाज यायचा, तेच तेच, घोकून घोकून. आणि क्लासच्या चाचणीत मार्क आणखी खाली आलेले. बहीण जेवेना. वडिलांनी पुन्हा सरांना बोलावलं.

सरांनी वट्ट्यावरचं अंथरूण पाहिलं. "इथं झोपतं कोण? मुख्य दारात अंथरूण? हाच तर अडथळा! येणारी ऊर्जा इथंच अडायलीय."

आई स्टोव्हपाशी बसून हे ऐकत होती. मी त्या माणसाच्या अंगावर गेलो. वडिलांनी मला कमरेला धरून ओढलं. मी तसाच गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडलो, भूकंप, भाऊ, दार, धंदा, सगळं. सर तबकडी पिशवीत घालत म्हणाले, "मास्तर, या मुलाची खोली दक्षिणेला आहे का?"

ते गेल्यावर बहीण वट्ट्यावर आली. "आई, परीक्षेपुरतंच. आत ये ना गं."

आईनं अंथरूण गुंडाळलं आणि ती आत गेली. बहिणीनं दार लावलं, कडी घातली नाही. मी खिडकीपाशी उभा होतो. आई दाराशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिनं दाराची मूठ धरून ते जरासं आत ओढलं, उघडलं, पुन्हा लावलं. थोड्या वेळानं पुन्हा ओढलं. आडोशामागं बहीण वाचत होती. दर खेपेला बिजागरी करकरायची आणि तिचं वाचन थांबायचं.

"उघडतंय की आई," ती आडोशामागूनच म्हणाली.

"हाव. आता उघडायलंय."

आणि पुन्हा ओढलं. दुपार अशीच गेली. आईच्या कपाळावर घाम होता, थंडीत. बहीण आडोशाबाहेर येऊन तिच्याकडं बघत राहिली. मग चप्पल घालून तरातरा गेली आणि सुताराला घेऊनच आली.

मला वाटलं, जिंकलो. "पटलं ना शेवटी?"

"काय पटलं?" ती माझ्यावर उसळली. "सर खोटं नाही बोलले. आता सगळं जाणार बाहेर, माझं हे वर्षपण. जाऊ दे."

"अगं, दाराचा आणि मार्कांचा काही संबंध..."

"दादा, पत्रक नको वाचूस. माझ्यापाशी नको."

आई तिचा हात धरून विनवायला लागली, "नको गं माय, नको फिरवू. बसते ना मी आत. सवय हुईल मला."

"काका, तुम्ही काढा बिजागऱ्या," बहीण सुताराला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तिनं दाराची फळी दोन्ही हातांनी धरली होती. फळी जड. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "धर की तिकडून."