रोज संध्याकाळी बंद होणारा डबा

ते प्रकरण विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा पोलिसात होता. तो गेल्यावर अनुकंपेवर मला घेतलं आणि प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, म्हणून मी निवृत्त झाले. स्वभाव लाजरा. चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. पण चौकशीत तोच स्वभाव कामी आला. आपण गप्प राहिलो की समोरच्याला गप्प बसवत नाही, हे मी नोकरीत लवकर शिकले.

त्या वर्षांत बऱ्हाणपुरात सगळी कार्यालयं कम्प्युटरने एकमेकांना जोडायचं काम चालू होतं. बुधवारा मोहल्ल्यात केळीवाल्या शेतकऱ्यांची एक संस्था होती. निंबोला गावाकडचा माल तिथून बाहेरच्या व्यापाऱ्यांना जायचा. व्यापारी आपापला भाव सकाळी कम्प्युटरवरून पाठवायचे, दहा वाजता सगळे भाव एकदम उघडायचे आणि ज्याचा भाव जास्त त्याला माल मिळायचा. मग असं व्हायला लागलं की एकच व्यापारी रोज जिंकायचा, आणि तेही अगदी केसभराने. बाकीच्यांनी कळवलं, हाच खेळ असेल तर आम्ही दुसरी मंडी बघतो. ते गेले असते तर हा एकटा म्हणेल त्या भावात केळी द्यावी लागली असती. सचिव तक्रार घेऊन ठाण्यात आले.

संस्थेच्या भिंतीवर एक राऊटर होता. सगळे त्याला डबाच म्हणायचे. बाहेरून येणारा प्रत्येक भाव त्या डब्यातून आत यायचा. इंदूरहून इंजिनिअर आला, त्याने तपासून सांगितलं की डबा ज्या फर्मवेअरवर चालतो, त्यातच कोणीतरी फेरफार केलाय. त्या फर्मवेअरच्या अख्ख्या फाइलला ते लोक इमेज म्हणतात. फेरफार केलेली इमेज प्रत्येक भावाची नक्कल गुपचूप बाहेर धाडत होती. त्याने कंपनीची नवी, स्वच्छ इमेज चढवली, डबा लॅपटॉपवरूनच पुन्हा सुरू करून बघितला आणि इंदूरला गेला. दुसऱ्या दिवशी तोच व्यापारी पुन्हा जिंकला. इंजिनिअर परत आला, परत इमेज चढवली, आणि परत तेच.

"कोई तो रात को आके बदल रहा है," तो आमच्या ठाण्याच्या प्रमुखांना, टीआय साहेबांना म्हणाला.

त्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "संस्थेची किल्ली कोणाकडे असते, त्या पोरीला विचारा." मी तो रोजनामच्यात नोंदवून घेतला.

किल्ली कम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीकडे होती. पॉवरलूमवाल्याची लेक, विशीतली. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करायची, सोबत महिला पोलीस पाहिजे, असा कायदा. कायदा तिच्या भल्याचाच, पण दारात जीप थांबली की अख्खी गल्ली ओट्यावर येते. आम्ही उतरलो तेव्हाच एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मी बोलली होती ना, पोरीला लूमवर बसव, कम्प्युटरवर नको. घे आता!"

साहेबांनी विचारलं, "ऑफिस बंद करताना काय काय करतेस?"

"कम्प्युटर बंद करते, पंखा बंद करते. मग इन्व्हर्टर, मग मेन स्विच खाली पाडते, कुलूप लावते. बस."

"मेन कशाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. "ताई, आमच्याकडे सगळेच पाडतात. लूमच्या घरात रुईचा कचरा उडतो. एक ठिणगी पडली की खल्लास. बाबांनी लहानपणापासून तेच शिकवलंय."

त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. माझ्या शेजारी कोणीही दुकान बढवताना, म्हणजे बंद करताना, हेच करायचं. तिचा बाप मात्र कोपऱ्यात उभा राहून एकच बोलत होता, "मॅडम, तिची सोयरीक ठरतेय. मॅडम, जरा बघा."

दुसऱ्या दिवशी संस्थेत इंजिनिअर तिसऱ्यांदा डब्याशी बसला होता. वैतागून म्हणाला, "हमारे इंदौर में तो ऐसे डब्बे सालों साल बंद नहीं होते, कभी ऐसा नहीं देखा."

मी म्हटलं, "इथला तर रोज बंद होतो."

त्याने मान वर केली. "रोज?"

"मेनच पाडतात की."

तो उठला, त्याने डब्याची वीज काढली आणि पुन्हा दिली. मग लॅपटॉपकडे बघून कपाळावर हात मारला. फेरफार केलेली इमेज डब्याच्या एका कोपऱ्यात लपवून ठेवलेली होती. लॅपटॉपवरून डबा सुरू केला की तो नवी इमेज घ्यायचा. पण वीज पुरती जाऊन आली की लपवलेली उचलायचा. रात्री कोणी येतच नव्हतं.

साहेब म्हणाले, "म्हणजे पोरगी सामील असू शकते किंवा नसूही शकते."

"साहेब, ते कळेल," मी म्हटलं. "नवी इमेज चढवा आणि डबा चालूच ठेवा. ज्याला चोरीचे भाव मिळणार नाहीत, तो डबा बंद करायला येईल."

तसंच ठरलं. ही गोष्ट साहेब, इंजिनिअर, सचिव आणि मी, एवढ्यांतच ठेवली. मुलीला चौकशीपुरतं घरी बसायला सांगितलं. गणवेश सोडून मी साध्या लुगड्यात संस्थेच्या बाकावर बसू लागले. दोन दिवस त्या व्यापाऱ्याचा भाव कमी पडला, माल दुसऱ्यांना गेला. तिसऱ्या सकाळी वायरिंगवाला आला. संस्थेचं नेटवर्क त्यानेच बसवलेलं. हसरा माणूस, सगळ्यांचा भैया.

"काका, इन्व्हर्टरमध्ये पाणी घालतो. दोन मिनिटं सगळं बंद करावं लागेल."

सचिव म्हणाले, "अरे, गेल्याच आठवड्यात तर घातलंस ना?"

"गरमी किती आहे काका, बॅटरी तापते. फट गई तो?"

त्याचा हात मेनवर गेला. मी म्हटलं, "थांबा भाऊ. राहू द्या चालू."

तो हसला. "मावशी, तुमचा केळीचा नंबर लागेल. घाई काय?"

मी ओळखपत्र दाखवलं.

ठाण्यात तो एकच बोलत राहिला: पाणी घालायला गेलो होतो, पाणी घालणं गुन्हा आहे का? साहेब चहाला उठले. मी समोर बसून राहिले, काहीच विचारलं नाही. त्याने पाय हलवला, पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेवटी उसळून म्हणाला, "रोज डबा बंद ती पोरगी करायची, मी थोडीच! तिला धरा ना!"

"डबा बंद करण्यात गुन्हा आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. साहेब आले तेव्हा तो बोलायला लागला होता. त्या व्यापाऱ्यासाठी काम त्यानेच केलेलं, निनावी फोनही त्याचाच. गावात सगळे मेन पाडतात, म्हणून स्वतः फिरकायची गरज पडणार नाही, हा त्याचा हिशोब होता. पंचांसमक्ष त्याचा लॅपटॉप जप्त केला. तीच इमेज त्यात निघाली. तो आणि तो व्यापारी, दोघांवर गुन्हा दाखल झाला.

ठाण्यात सगळे खूश होते. तेवढ्यात मुलीचा बाप आला. "मॅडम, एक कागद द्या, पोरगी निर्दोष आहे म्हणून. सोयरे थांबा म्हणतायत."

असा कागद पोलीस देत नाहीत. ती आरोपी नव्हतीच, मग निर्दोष कशी लिहिणार? साहेबांनी त्याला तसं समजावलं. त्याला ते समजलंही. तरी तो पायरीवरून हलेना.

मी साहेबांची परवानगी घेतली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता, भाव उघडायच्या वेळी, गणवेशात संस्थेत गेले. निंबोल्याचे शेतकरी, हमाल, गल्लीतली माणसं, सगळे होते. मुलीला शेजारी उभी केली आणि म्हटलं, "हिच्या दारात जीप मी नेली होती. हिने काही केलेलं नाही. हिने नीट सांगितलं म्हणून चोर सापडला. कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा."

मागून एक शेतकरी म्हणाला, "मग बसव ना तिला खुर्चीवर, भाव उघडायचे का नाही आज?" लोक हसले. ती जाऊन बसली. बाप दाराशी उपरण्याने तोंड पुसत होता.

चोर पकडला की काम संपलं, असं मी तोवर समजत होते. पण संशय गल्लीसमोर घेतला आणि संशयातून नाव कागदावर गुपचूप वगळलं, तर गल्लीच्या लेखी ते माणूस सुटत नाही. त्यानंतर ज्या ज्या दारात जीप नेली आणि आत काही निघालं नाही, तिथे मी पुन्हा गेले. गणवेशात, दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलले. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. निवृत्त होईपर्यंत मी ते केलं.