चुकनं आबा

"चप्पल घालीसन ओट्यावर? मायबापनी काही शिकाडं नही का तुले?"

आबा झोपाळ्यावर बसलेले. मी पायरीवर. चप्पल काढून हातात घेतली आणि तोंडातून आपोआप निघालं, "चुकनं आबा. माफ करा."

आबांनी मान डोलावली. माफ केलं. केवढं ते मन!

माझा भाऊ त्यांचा सालदार. वर्षभर त्यांच्या कपाशीत राबणारा. आबांच्या खळ्यावरचा राखणदार एका सकाळी मेलेला सापडला, डोकं फुटलेलं. पोलिसांनी भावाला उचललं. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. साक्ष काय ती एकच, आबांची. कोर्टात त्यांनी सांगितलं, त्या सकाळी हा माझ्या पाया पडला आणि म्हणाला, चुकनं आबा, माफ करा. खालच्या कोर्टानं तीच कबुली धरली. जन्मठेप. भाऊ नाशिकच्या तुरुंगात गेला.

अपील करायचं होतं, म्हणून मी आबांकडे गेले होते. एवढंच विचारायला, की तुम्ही त्याला काय बोलला होतात, ज्यावर तो पाया पडला? भावाला स्वतःला ते आठवत नव्हतं.

"ज्यानी सोता कबूल करं, त्यानासाठे मी काय करू?" आबा म्हणाले. तेवढ्यात आतून चहा आला. त्यांच्यापुरता.

मी निघाले. फाटकाबाहेर आले तरी चप्पल हातातच. डांबरावर पाय भाजले तेव्हा भानावर आले. अगं बाई, मी आत्ता काय कबूल करून आले? कुणाचा खून?

आमचं हे बाळकडू आहे. बैल बिथरला, चुकनं आबा. मोटार जळाली, चुकनं आबा. मालकाच्या कपाळाला नुसती आठी पडली, तरी चुकनं आबा. आधी पाया पडायचं, मग विचारायचं काय झालं. आणि हे आबांना ठाऊक नव्हतं म्हणता? हट्! अख्खा जन्म त्यांनी दुसरं ऐकलंय काय?

संभाजीनगरला अपिलासाठी धरलेल्या वकीलबाईंना मी हे सांगितलं. आधी म्हणाल्या, "ताई, कोर्टात सवय चालत नाही." मग त्यांनी आबांची उलटतपासणी पुन्हा वाचली. आबा तिथे स्वतःच बोलून गेले होते: मी विचारलं, कालपासून कामावर का नाहीस, त्यावर तो पाया पडला. भाऊ तापानं घरी पडला होता. एवढं आबांच्या तोंडून बाहेर आलं, आणि आमच्या पहिल्या वकिलानं ते तसंच सोडून दिलं. धन्य त्याची!

वरच्या कोर्टात न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला विचारलं, "माफी कशाची? खुनाची की खाड्याची?"

सरकारी वकील पाणी प्यायला.

भाऊ सुटला. गेलेली वर्षं मात्र कुणी परत दिली नाहीत. राखणदाराला कुणी मारलं, ते आजही कुणी शोधत नाही. गरिबाचा मुडदा, गरिबाच्या गळ्यात घातला की काम भागलं.

भाऊ घरी आला त्याच आठवड्यात आबा दारात हजर. पांढरेशुभ्र कपडे. बूट घालून थेट आत.

"जे व्हयनं ते व्हयनं," आबा म्हणाले. "मी मनमा काही ठेवेल नही."

वा रे वा! जन्मठेप लावणारा आम्हालाच माफ करायला आला होता. मला किळस आली.

भाऊ उठला. वाकायला लागला. ओठ हललेले मी पाहिले. मी त्याचा दंड धरला, चांगला आवळून.

"भाऊ, उभा राह्य. आबा, बूट बाहेर काढा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. कशाची वाट पाहत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "माफी मांगानी शे ते तुम्ही मांगा."

आबांचं तोंड काळंठिक्कर पडलं. तडक गाडीत बसून गेले. बूट त्यांनी काढले नाहीतच.

भावाला पोटाची काळजी. "आते काम कोन दी?"

"बघू," मी म्हणाले. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण माझी लेक दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला जवळ बोलावलं आणि भावासमोरच सांगितलं. या घरात यापुढे आधी गुन्हा विचारायचा. तो आपला असला, तरच माफी. नसला, तर समोर आबा असो की कोर्ट, मान वाकणार नाही.