सावंतांची अनाथ प्रोसेस

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या आमच्या ऑफिसची सर्व्हर रूम बोलू लागली होती.

बाईचा आवाज. सपाट, अमेरिकन वळणाचा. बाहेर बर्फावर अंधार उतरला की रिकाम्या खोलीतून यायचा, "घारी जा. घारी जा."

सिक्युरिटीवाल्याने तो फोनवर रेकॉर्ड करून आमच्या मॅनेजरला, लिंडाला ऐकवला. तिने मला अर्थ विचारला, मी सांगितला: 'घरी जा', उच्चार तेवढा बिघडलेला. तिने थेट प्राचीकडे पाहिलं. प्राची नागपूरची, टीममध्ये नवी. तिच्या व्हिसाची फाइल लिंडाच्या सहीसाठी थांबलेली.

"भाषा तुमची, खोलीचं कार्ड हिच्याकडे," लिंडा म्हणाली. "आज खुलासा हवा. नाहीतर सही विसरा."

"दादा, मी कशाला कुणाला घरी पाठवू, यार?" प्राची म्हणाली. "मलाच पाठवतायत हे."

तिघं आत गेलो. कोपऱ्यात एक जुनं मशीन. त्याचे हेडफोन प्राचीने मागच्याच आठवड्यात मीटिंगसाठी काढून नेले होते. तेव्हापासून आवाज मशीनच्या स्पीकरमधून येत होता. म्हणजे तो नवा नव्हता. त्याआधी इतके दिवस तो रिकाम्या हेडफोनमध्ये कुजबुजत होता.

थोडं समजावतो. कमांड लाइनवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या स्क्रीनवर, एक प्रोग्रॅम दुसऱ्याला सुरू करतो. पहिला बाप, दुसरा पोर. बाप संपला तरी पोर चालू राहू शकतं. त्याला आम्ही अनाथ म्हणतो. मशीनचा सर्वांत पहिला प्रोग्रॅम त्याला दत्तक घेतो.

चालू प्रोग्रॅम बघितले. एक अनाथ सापडलं. मालक: सावंत.

सावंत आमचे जुने ॲडमिन. उन्हाळ्यात हार्ट ॲटॅकने गेले. त्यांचं लॉगिन आम्ही बंद केलं होतं, पण आधीच पळत सुटलेल्या प्रोग्रॅमला ते कोण सांगणार? प्राची नागपुरात होती तेव्हापासून तो चालू होता. रोज डेटाची कॉपी काढायचा, मग इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'घरी जा' अमेरिकन उच्चारात वाचणारा प्रोग्रॅम सुरू करायचा. कामात बुडालेल्या सावंतांना उठवायला त्यांनीच केलेली ती सोय.

"म्हणजे काका अजून लॉग्ड इन आहेत?" प्राची हळूच म्हणाली.

"घारी जा," मशीन म्हणालं.

लिंडा दोन पावलं मागे सरली. "सही करते मी. आधी ते बंद कर."

प्रोग्रॅम बंद करायच्या कमांडचं नावच 'किल'. मी ती टाइप केली.

"दादा, एक मिनिट," शेजारच्या स्क्रीनवरून प्राची म्हणाली, आणि लिंडालाही कळावं म्हणून पुढचं इंग्रजीत. "आपल्या नव्या बॅकअप टूलचा फोल्डर रिकामा आहे. एकदाही चाललेलं नाही ते. सगळ्या कॉपी काकांच्याच."

माणसाचं लॉगिन बंद करताना तो काय चालू ठेवून गेलाय ते आधी बघावं, एवढाच माझा धडा. लिंडाला तो माझ्याआधी कळला. माझं बोट एंटरवर होतं. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि ओरडली, "थांब, सावंतला मारू नकोस!"